रिकामा वजनगट

ज्युदोचा ड्रेस धुवायचा नसतो, असं आमच्या क्लबात सगळे मानत. धुतला की कापड मऊ पडतं आणि समोरच्याला कॉलर मुठीत धरायला सोपी जाते. न धुतलेलं कापड घामानं कडक राहतं, पकड निसटते. स्पर्धा जवळ आली की कोणी ड्रेसला पाण्याचा हातही लावत नसे, कारण मग नशीब धुतलं जातं असंही त्यात कोणीतरी मिसळून दिलं होतं. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवर ते जाड, एके काळी पांढरे असलेले कोट ओळीनं लटकलेले असत. काखेपाशी मिठाच्या कडा उमटलेल्या, एकीवर एक, जसजसा घाम वाळत गेला तशा.

पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे ड्रेस नव्हता, म्हणून सरांनी त्यातला एक काढून माझ्याकडे फेकला. तो अजून ओलसर होता. कोणाचा, ते मी विचारलं नाही. सलवार-कुडत्यावरून तो चढवला तेव्हा त्याची कॉलर माझ्या हनुवटीला लागली. तिला खोबरेल तेलाचा आणि कोणाच्या तरी मानेचा वास होता. मी तोंडानं श्वास घ्यायला लागले, आणि मग तो वास जिभेवर आला.

तिथं मी स्वतःहून गेले नव्हते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी नाशिकमध्ये बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षाचा गणिताचा एक पेपर माझा राहिला होता. पुन्हा दिला, पुन्हा थोडक्यात राहिला. या खेपेला सुटला नाही तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, म्हणजे एक वर्ष घरी बसायचं. आमच्या कॉलनीत वर्ष गेलेल्या मुलीबद्दल कसं बोलतात ते मी गॅलरीतून पुष्कळ ऐकलं होतं. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. त्यांच्या सेक्शनमधल्या एकाचा मुलगा खेळाच्या वाढीव मार्कांवर पास झाला होता. वडिलांनी ही बातमी घरी आणली ती एखादं औषध आणावं तशी.

म्हणून मी कॉलेजच्या जिमखान्यात गेले. शाळेत मी कॅरम बरा खेळायचे, ते सांगायचं मनात ठरवून गेले होते. जिमखान्याच्या सरांनी मला वरून खाली एकदा पाहिलं आणि काय खेळतेस असं विचारलंच नाही. वजन किती, एवढंच विचारलं.

आतापर्यंत मला तो आकडा मोठ्यानं सांगायला लावायची कोणाची हिंमत झाली नव्हती. मी सांगितला. सर चुकचुकले. त्यांना तो कमी वाटला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाला तरी कमी वाटत होता.

मग त्यांनी समजावलं. ज्युदोत प्रत्येक कॉलेजनं एकेका वजनगटात एकेक मुलगी उतरवायची. आमच्या विभागात मुलींचा सगळ्यात वरचा गट कायम रिकामा असतो, त्यात उतरायला मुलगीच मिळत नाही. तिथं जाऊन मॅटवर उभं राहायचं, वाकून नमस्कार करायचा, समोर कोणी नाही म्हणून पंच हात वर करतात, आणि आपण विभागाच्या संघात. विभागाकडून पुढं खेळलं की खेळाचे मार्क. पुढं हरलं तरी मार्क जात नाहीत. फक्त त्या वरच्या गटाच्या रेषेला मी दोन-अडीच किलो कमी पडत होते. ते आपण भरून काढू, असं सर म्हणाले, पोतं भरायचं असल्यासारखं.

मॅटवर उभं राहायचं तर निदान पडता तरी आलं पाहिजे, म्हणून संध्याकाळी पंचवटीतल्या त्यांच्या क्लबात यायचं ठरलं. क्लब म्हणजे एका शाळेचा हॉल. जमिनीवर काथ्याच्या जाड गाद्या आणि त्यांच्यावर ताणून शिवलेली हिरवी ताडपत्री. ताडपत्रीच्या शिवणींत काळा मळ बसलेला होता. रोज सुरुवातीला कोणीतरी एक फडकं बादलीत बुडवून ती पुसत असे, आणि पुसून झाली की तिच्यावर फडक्याचा वास जास्त येई. मुलं अनवाणी पायांनी बाहेर पाणी प्यायला जात, तशीच परत येत. कोणाच्या अंगठ्याचं नख उपटलेलं, कोणाच्या बोटांमध्ये पांढरी पडलेली कातडी. त्याच ताडपत्रीवर आम्हाला गाल टेकवायचे होते.

मी नन्सच्या शाळेत शिकलेली. तिथं प्रार्थनेला उभं राहताना हात पुढं करून पुढच्या मुलीपासूनचं अंतर मोजून घ्यायचं असे. खांद्याला बोट लागलं तर एक पाऊल मागं. हे अंतर मी शाळा सुटल्यावरही कधी सोडलं नाही. बसमध्ये मी सीटच्या कडेवर बसायची, लग्नांमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची. एका मावशीचा अपवाद सोडला तर मला कोणी मिठीही मारत नसे, आणि मावशीची मिठी मी श्वास रोखून पार पाडत असे.

पडायला मी बरी शिकले. पडणं एकटीनं करायचं असतं. त्रास झाला तो सरांनी खाली बसून करायची कुस्ती सुरू केली तेव्हा.

हॉलमध्ये शाळकरी मुलं बरीच होती, पण माझ्या वयाची मुलगी एकच. ती मखमलाबादहून यायची. त्यांचा तिकडं मेथी-कोथिंबिरीचा मळा होता. पहाटे जुड्या बांधून गाडी मार्केटला लावायची, मग कॉलेज, मग इथं. ती खरी खेळाडू होती, अंगानं सडपातळ आणि हातानं लोखंड. पहिल्या दिवशी तिच्या पायावर माझा पाय पडला आणि मी सवयीनं ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाले, तेव्हापासून ती मला मॅडम म्हणायची. त्यात चेष्टा किती आणि परकेपणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिनं मला पहिल्यांदा खाली दाबलं ते मला अजून अंगावर आठवतं. माझं डोकं तिनं काखेत घेतलं. ओल्या कापडाची काख, तिच्यात मेथीचा हिरवा कडवट वास, त्याखाली घाम, त्याखाली आणखी काहीतरी, लोखंडी बादलीसारखं. तिचे केस माझ्या तोंडात गेले. मी तोंड उघडलं तर तिच्या हनुवटीवरून एक थेंब सुटला आणि थेट आत पडला. खारट, कोमट. मी मॅटवर हात आपटायला लागले. हात आपटला की शरण आले असा त्याचा अर्थ, आणि मग समोरच्यानं लगेच सोडायचं, ही तिथली पहिली शिस्त. तिनं सोडलं. मी धावत नळाशी गेले आणि खळाखळा चुळा भरल्या. परत आले तर शाळकरी मुलं हसत होती.

त्यानंतर मी एक युक्ती काढली. तिनं मला नीट धरायच्या आतच मी हात आपटत असे. तिचा श्वास जवळ आला की हात आपट, गाल गालाला लागायला आला की आपट. काही दिवस हे चाललं. सरांना वाटलं माझ्यात दमच नाही. ते मला सगळ्यांसमोर म्हणाले की अजून तिनं धरलंही नाही आणि तू आधीच हरलीस, अशानं रिकाम्या मॅटवरही हरशील.

तेव्हा ती मखमलाबादची मुलगी बेल्ट सारखा करत शांतपणे म्हणाली, ‘दम आहे सर तिच्यात. तिला घाण वाटते आमची.’

इंग्रजीत दोन-तीन वाक्यं तयार झाली आणि विरली. खोटं बोलावं असं वाटत होतं, पण तिच्याकडे पाहिल्यावर तेही जमेना. खरंच घाण वाटत होती. तिचीच असं नाही. त्या फडक्याची, कोटांची, मुलांच्या पायांची, सरांच्या दातांत अडकलेल्या बडीशेपेची, माझ्या स्वतःच्या मांड्यांना चिकटलेल्या सलवारीची.

सर खो-खो हसले. ‘मग वर राहायला शीक,’ ते म्हणाले. ‘वरच्याला वास कमी येतो.’

एवढा एकच त्यांचा सल्ला मी मनापासून घेतला.

वर राहायला मला त्या मुलीनंच शिकवलं, फार न बोलता. मी तिच्यावर असताना गुडघ्यांवर आणि कोपरांवर भार घ्यायची, तिला माझं वजन लागू नये म्हणून. ती खालून वैतागून म्हणायची की अंग चोरू नको, टाक सगळं, मी काय मोडत नाही. वजन टाकायचं म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ते आवरत आले होते, रिक्षात, पाळण्यात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. पोटातला श्वास सोडून द्यायचा, कंबर खाली बुडू द्यायची आणि आपण पसरून जायचं. एका संध्याकाळी ते जमलं आणि तिला खालून सुटता येईना. तिचा चेहरा लाल झाला, तिनं हात आपटला. मी इतक्या झटक्यानं सुटले की उडालेच म्हणायचं. तिला वाटलं मी शिस्तीची पक्की आहे. तसं काही नव्हतं. तिची छाती माझ्या छातीखाली वरखाली होत होती आणि मला ते एक क्षणही जास्त नको होतं.

घरी वेगळंच सुरू झालं होतं. ज्या आईनं माझ्यापासून साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता, तीच आता माझ्या भातावर तूप सोडायची आणि माझ्यासमोर बसून राहायची. डिंकाचे लाडू, सायीचं दही, झोपताना दूध. वडील संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरताना केळी आणत. दर रविवारी मला काट्यावर उभं करत आणि आकडा वाढला की दोघं एकमेकांकडे पाहून हसत. मला कोणी इतक्या कौतुकानं कधी जेवायला वाढलं नव्हतं आणि मला जेवणाची इतकी शिसारी कधी आली नव्हती. केळ्याचं साल काढल्याचा आवाज आला तरी माझ्या घशाशी काहीतरी येऊन थांबायचं.

स्पर्धा येवल्याच्या बाजूला एका कॉलेजात होती. आम्ही पहाटे जीपनं निघालो. मी मागच्या बाकावर आणि माझ्या शेजारी मखमलाबादची. तिचं नेमकं उलट होतं. ती तिच्या गटाच्या रेषेपेक्षा थोडी वर होती, म्हणून कालपासून पाणी प्यायली नव्हती. अंगात दोन स्वेटर, त्यावर रेनकोट. तोंडात चिंच ठेवून ती सुटलेली लाळ मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत थुंकत होती. थुंकीनंही वजन उतरतं म्हणून तिथले सगळेच असं करत. पुढच्या सीटवरून सर मला एकेक केळं मागं देत होते आणि मध्येमध्ये पाण्याची बाटली. एकाच बाकावर ती थुंकत होती आणि मी गिळत होते. पिशवी जीपच्या हिसक्याबरोबर हिंदकळे. मी खिडकीकडे तोंड केलं तर सरांनी आरशातून पाहिलं आणि संपव म्हणून खूण केली.

सरांनी तेव्हाच बजावलं की काहीही झालं तरी मॅटवर ओकायचं नाही. मॅटवर जो ओकेल त्याची फाइट गेली, तसा नियम आहे. मग स्वतःच हसून म्हणाले की तुला काय, तुझी फाइटच नाही.

मुलींचं वजन एका वर्गात होतं. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. सगळ्या मुली सुकलेल्या ओठांनी रांगेत उभ्या होत्या, गालफडं आत गेलेली. आणि त्या रांगेच्या शेवटी बाकावर एक मुलगी बसली होती, माझ्याएवढीच, कदाचित थोडी जास्त. ती एका मोठ्या बाटलीतून पाणी पीत होती. अगदी सावकाश, घोटाघोटानं, डोळे मिटून, जसं मी जीपमध्ये पीत होते. तिच्या बाकाखाली केळ्यांची सालं पडली होती.

तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि आम्हा दोघींना एकदमच कळलं.

ती नामपूरहून आली होती. तिच्या सरांनाही हा गट रिकामा वाटला होता. आदल्या दिवसापासून ती एसट्या बदलत येत होती. ती माझ्यासारखी गप्प नव्हती. ‘माले तर सरनी पेढाबी दिन्हात,’ ती म्हणाली, म्हणजे तिला पेढेसुद्धा भरवले होते. मग तिनं विचारलं की मला हे खेळता येतं का. तिला फक्त नमस्कार करायला आणि पडायला शिकवलं होतं. थोडंफार येतं, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि बाटलीकडे पाहिलं. ‘आते काय करू हाई पानीनं,’ असं ती स्वतःशीच म्हणाली. पोटात गेलेल्या पाण्याबद्दल बोलत होती ती.

बाहेर व्हरांड्यात दोघे सर एकमेकांना अहो-जाहो करत भांडत होते. तुमच्याकडून कधी कोणी येत नाही म्हणून आम्ही आणली, आम्हीही तेच समजून आणली. शेवटी दोघेही हसले आणि चहाला गेले. आमच्या पोटांचं काय करायचं, याचा विचार त्या चहात झाला असेल असं मला वाटत नाही.

दोघींचीही वजनं रेषेच्या वर भरली. फाइट लागली.

आता काय पणाला होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. जिंकले तर मार्क, तिसरं वर्ष, आणि कॉलनीच्या गॅलऱ्यांखालून मान वर करून जाणं. हरले तर घर. आणि समोर अशी मुलगी होती जिला काहीच येत नव्हतं. मॅटच्या कडेला उभी असताना माझ्या पोटात पाणी डचमळत होतं. हात लावला असता तर बाहेरूनही ऐकू आलं असतं.

सुरुवात झाली तेव्हा मी तिची कॉलर धरली. तिचा ड्रेस कोरा होता, दुकानातल्या खळीचा वास येत होता. तो त्या दिवसातला एकमेव चांगला वास. मी ओढलं, ती सहज आली, आम्ही दोघी बाजूला कोसळलो आणि मी वर आले. डोकं काखेत, छाती छातीवर, कंबर खाली. श्वास सोडला आणि सगळं वजन टाकलं. होल्ड पक्का बसला. अशी ठरावीक वेळ धरून ठेवली की फाइट माझी. कडेवरून सर ओरडत होते की सोडू नको, बस अशीच.

तिच्या तोंडातून पेढ्याचा आणि केळ्याचा वास माझ्या तोंडावर येत होता. आंबूस, गोडसर, गरम. तिच्या पोटात गुडगुड झाली ती मला माझ्या बरगड्यांत जाणवली. ती कानात कुजबुजली, ‘ऊठ ना बहीन, उलटी ई ऱ्हायनी.’ आणि तिनं माझ्या पाठीवर हात आपटला.

मी सोडलं. विचार केलाच नाही. हात आपटला की सोडायचं, हे माझ्या अंगानं सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं शिकून घेतलं होतं. मला तिची दया आली असं पुढं काहींनी म्हटलं, आणि ते ऐकायला बरं वाटतं. पण ती दया नव्हती, किळस होती. तिच्या तोंडापासून माझं तोंड दूर नेण्याची मुभा मिळाली आणि मी ती घेतली.

पंच त्या वेळी घड्याळवाल्याकडे पाहत होते. त्यांना तिचा हात दिसलाच नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की मी होल्ड सोडून गुडघ्यांवर बसले आहे. त्यांनी खेळ चालू ठेवायची खूण केली. मी बोट करून सांगायचा प्रयत्न केला की तिनं हात आपटला, पण माझा आवाज कधीच नीट निघत नाही, तेव्हाही नाही निघाला. आणि तिला विचारून उपयोग नव्हता. हात आपटण्याचा अर्थ तिला कोणी शिकवलाच नव्हता. तिनं तो आपटला होता तो कोणीही आपटेल तसा, ऊठ म्हणून.

तेवढ्यात सरांच्या लक्षात आलं की ती तोंडावर हात धरून बसली आहे. मॅटच्या अगदी कडेला येऊन ते ओरडले, ‘पोटावर बस तिच्या. पोटावर. ओकली की जिंकलीस तू.’

सगळ्या हॉलनं ते ऐकलं. तिनंही ऐकलं. आम्ही दोघी गुडघ्यांवर, समोरासमोर, हाताच्या अंतरावर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात पेढ्याचा कण. मला सरांची घाण वाटली. त्यांच्या बडीशेपेची नाही, त्यांचीच, सबंध माणसाची, आणि त्या वाटण्यात माझे आईवडीलही कुठंतरी होते आणि रविवारचा काटाही होता. मला तिच्या पोटावर बसायचं नव्हतं. पण मला वर्षही घालवायचं नव्हतं. मी तशीच बसून राहिले. मी नक्की कशाची वाट पाहत होते, ते मला आजही सांगता येत नाही.

ती थांबली नाही. आता ही माझ्या पोटावर बसणार, असं तिला वाटलं असणार. ती घाबरून आधी माझ्यावर येऊन पडली, डोळे मिटून, सबंध अंगानिशी. अंग चोरणं तिला माहीतच नव्हतं. तिचं सगळं वजन माझ्या पोटावर आलं आणि पहाटेपासून घशाशी थांबलेलं सगळं एकदम सुटलं. केळी, पाणी, आईनं दिलेलं दूध. माझ्या नाकातून, तोंडातून, तिच्या कोऱ्या ड्रेसवर, केसांवर, ताडपत्रीवर. थांबेचना. मी खाली आणि ती वर, आणि ती उठायचं सोडून माझं डोकं एका बाजूला वळवून धरत होती, ठसका लागू नये म्हणून.

पंचांनी तिचा हात वर केला. तिला वाटलं तिला शिक्षा झाली.

लोक नाकाला रुमाल लावून मागं सरकले. सर एक शब्द न बोलता जीपकडे निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या फाइट शेजारच्या मॅटवर हलवल्या. शिपाई सापडत नव्हता, आणि सापडला असता तरी त्यानं हे का पुसावं? मी बादली शोधून आणली. ती नामपूरची मुलगी कोणी न सांगता माझ्या शेजारी बसून पुसायला लागली, हातानंच, निथळतं फडकं पिळत. मी म्हणाले राहू दे, तुझं नाही ते. ती म्हणाली, ‘मनं बी तेच व्हतं.’ तिच्या पोटातही तेच होतं, असं. मग ती बाहेर गेली आणि झाडामागं जाऊन ओकून आली. हलकी होऊन, तोंड धुऊन.

मखमलाबादची मुलगी तोवर तिच्या गटात जिंकली होती. ती पायरीवर बसून एकामागून एक पाण्याचे ग्लास पीत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा ग्लासात पाहिलं. मॅडम म्हणाली नाही.

माझं वर्ष गेलं हे मला पुसतानाच कळलं होतं. रडू आलं नाही. घरी जाऊन काय सांगायचं ते मी ठरवलं, एका वाक्यात, आणि तसंच पुढं सांगितलं. ऐकून वडील बराच वेळ शेंगा सोलत राहिले. पण ते नंतरचं.

मॅट कोरडी झाली होती. मधल्या सुट्टीत हॉल रिकामा होता. ती मुलगी कडेला बसून तिच्या ड्रेसची बाही धूत होती, आणि एकदम तिनं विचारलं, आता तिला पुढं विभागाकडून पाठवतील, तर तिथं या गटात कोणी असेल का.

‘असेल,’ मी म्हणाले. ‘आणि तिला सगळं येत असेल.’

तिचे हात थांबले. तिच्या सरांनी सांगितलं होतं की नमस्कार करून परत यायचं. आता तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी ओळखत होते. खाली अडकण्याची, श्वास न मिळण्याची.

मी तिला मॅटवर यायला सांगितलं. मी आडवी झाले आणि तिला माझ्यावर होल्ड घ्यायला लावलं, मग जागा बदलून मी तिच्यावर घेतला. तिचा ड्रेस ओला होता आणि त्याला माझ्याच पोटातला वास येत होता. मला किळस येतच होती, ती काही गेली नाही. मी तिला दाखवलं की खालून सुटायचं तर आधी कुशीवर व्हायचं, मग गुडघा मध्ये आणायचा. तिला ते जमेना, ती नुसती ढकलत राहिली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. सर मला हाक मारत नव्हते, नुसता हॉर्न वाजवत होते.

‘ढकलू नको,’ मी तिला म्हणाले. ‘कुशीवर हो. आता गुडघा. परत कर.’